माणसं काढलेलं शहर

बाबांनी वळण अर्धं घेतलं होतं आणि रस्ता जांभळा झाला. आधी डाव्या हाताच्या झाडाचा शेंडा गेला, त्याच्या जागी बारीक बारीक चौकोन आले, मग चौकोनांना उभे पट्टे फुटले आणि दुकानं, सिग्नल, सायकलवाला, सगळं कुणीतरी कंगव्याने विंचरून काढल्यासारखं ताणलं गेलं. बस जागच्या जागी थिजली. बाबांचा पाय ब्रेकवर, दोन्ही हात स्टिअरिंगवर, मान जराशी उजव्या आरशाकडे. "कोण आहे रे मागे?" ते वळून न बघता म्हणाले. कोण असणार? मीच. दारात उभा, एका हातात चपला आणि दुसऱ्या हातात माझ्या दुकानात आलेली नवी रबरी पाल. ती मी आईच्या शेंगांच्या टोपलीत सोडणार होतो. "हे तुझेच धंदे आहेत ना?" बाबा म्हणाले. "अहो, मी आत्ता येतोय." "म्हणजे आधीच करून ठेवले असशील." आई शेंगा सोलता सोलता म्हणाली, "कबूल कर आणि गाडी सुरू करून दे बाबा. दोन स्टॉप राहिलेत, मला भाजी टाकायची आहे." मी शपथ घ्यायला तोंड उघडलं आणि मला हसूच फुटलं. माझं हे असंच आहे. थाप मारताना मी न्यायाधीशासारखा गंभीर असतो, आणि खरं बोलायची वेळ आली की गालातल्या गालात काहीतरी वळवळायला लागतं. त्यामुळे माझ्यावर कुणाचा विश्वास नाही, आणि तसं बघितलं तर त्यात माझी चैनच आहे. पण त्या पट्ट्यांकडे बघताना माझी एक पायरी चुकली. अंधारात जिना उतरताना शेवटची पायरी आहे असं वाटतं आणि ती नसते, तशी.

बस म्हणजे कॉम्प्युटरमधली बस, हे आधीच सांगायला हवं होतं. आईबाबांच्या घरातली मागची खोली, जिथे पूर्वी माझी खाट होती, तिथे आता एक टेबल आहे. टेबलाला स्क्रूने आवळलेलं स्टिअरिंग, खाली पेडल, आणि बाजूला माझ्या दुकानातून निवृत्त झालेला जुना डेस्कटॉप. माझं दुकान गंमतीच्या वस्तूंचं. खोटी झुरळं, हसणारी पिशवी, हात मिळवला की झटका देणारी अंगठी. लोक हसतात आणि मला विचारतात, यावर पोट भरतं? मी म्हणतो, जगात जोपर्यंत ऑफिसात साहेब आहेत तोपर्यंत झुरळांना मरण नाही. तर बाबा. बाबा आयुष्यभर शहराची बस चालवायचे. मग एका तपासणीत डोळ्यांत काहीतरी निघालं आणि शेवटची वर्षं त्यांना डेपोत खिडकीमागे बसवलं, लोकांचे पास बघायला. मी एकदा डबा द्यायला गेलो होतो. बाबा खुर्चीत ताठ बसले होते, कुणाशी बोलत नव्हते, आणि फाटकातून एकेक बस बाहेर पडताना टेबलाखाली त्यांचा उजवा पाय आपोआप दाबला जात होता. प्रत्येक बसला. मी तो पाय बघितला आणि डबा ठेवून, काहीतरी फालतू विनोद करून निघून आलो. निवृत्त झाल्यावर गुडघे गेले. मग ते गॅलरीत बसून खालून जाणाऱ्या बसगाड्यांना शिव्या घालायचे. "हा बघ, हा बघ गाढव. क्लच काय, लोण्यात पाय घातल्यासारखा सोडतोय." संध्याकाळपर्यंत आवाज बसायचा.

तो खेळ मी आणला तो थट्टा म्हणूनच. ठरवलं होतं, म्हातारा पहिल्याच कोपऱ्यावर भिंतीत घुसेल, मी मोबाइलवर शूटिंग करीन आणि सगळ्या नातेवाइकांना पाठवीन. मोबाइल हातात धरून तयार होतो. बाबा बसले, आणि पहिला प्रश्न त्यांनी विचारला, "सीट मागे कशी घ्यायची?" मग दोन्ही आरसे लावून घेतले. मग म्हणाले, आधी खाली उतरून टायर बघतो, आणि त्या खेळात खरंच उतरता येत होतं, मला माहीतच नव्हतं. सगळ्या गाडीला चक्कर मारून आले, मग बसले, आणि जी गाडी काढली डेपोतून, आत काचेच्या बरण्या भरल्यासारखी. ते शूटिंग अजून माझ्या मोबाइलमध्ये आहे. त्यात बराच वेळ नुसती फरशी दिसते, कारण माझा हात खाली आला होता. तेव्हापासून रोज सकाळी जेवणाआधी एक फेरी. त्या दिवसापासून गॅलरीतल्या शिव्या बंद झाल्या, दाढी रोज व्हायला लागली, आणि आई बिनपगारी कंडक्टर झाली. आईने आयुष्यभर लोकांचे कपडे शिवले, पण पेल्यावर चमचा वाजवायला काय लागतं? एक टोला थांबायला, दोन निघायला. "माझं लग्न ज्या माणसाशी झालं," ती शेजारणीला सांगायची, "त्याने मला बसमधून कधी फुकट नेलं नाही. आता रोज नेतो, तर बाई, बस घराबाहेरच पडत नाही." आणि बाबांना खुळं समजू नका. त्यांना ठाऊक होतं हा खेळ आहे. एकदा माझा मामा म्हणाला, "भावजी, आम्हालाही सोडा की बाजारात," तर बाबा म्हणाले, "तुझ्या वजनाला ट्रक लागेल," आणि पुढे, शांतपणे, "डोकं फिरलेलं नाही माझं. काम करतोय."

म्हणून ते पट्टे मला हसण्यावारी नेता येईनात. मी बटण दाबून बंद केलं, पुन्हा सुरू केलं, चाललं. दुसऱ्या दिवशी नदीच्या पुलावर पुन्हा पट्टे. मी आमच्या भागातल्या दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याला सगळे फुंक्या म्हणतात, कारण कुठलीही वस्तू हातात घेतली की तो आधी तिच्यावर फुंकर मारतो. टीव्ही असो, मिक्सर असो, गिऱ्हाइकाने दिलेली नोट असो. फुंक्याने पेटीचं झाकण काढलं, फुंकर मारली, आणि आतून जो लोट उठला त्यात आम्ही तिघेही खोकत बसलो. "अहो काका, यात गालिचा विणलाय," तो म्हणाला. बाबा खुर्चीतून वाकून आत बघत होते, जसे पूर्वी बॉनेट उघडून बघायचे. फुंक्याने ग्राफिक्स कार्ड उपसून काढलं. चित्र दाखवायचं काम ते करतं, हे त्याने बाबांना समजावून सांगितलं, "म्हणजे काका, बाकी कॉम्प्युटर इंजिन, आणि हे तुमची पुढची काच." त्याने कार्डाच्या सोनेरी दातांवर खोडरबर घासलं, पुन्हा फुंकलं, बसवलं. चाललं. माझ्या अंगात एकदम हत्तीचं बळ आलं. मी जाता जाता फुंक्याच्या पाठीवर "मी विकाऊ आहे" असा कागद चिकटवला आणि तो तसाच बाजारातून गेला. इतका आनंद झाला होता मला. दोन दिवसांनी पुलावर पुन्हा पट्टे, आणि या वेळी पट्ट्यांबरोबर पंख्याचा असा आवाज, की आई म्हणाली, "कुकरची शिट्टी होणार वाटतं."

मग केबल बदलली. मॉनिटर बदलला. कार्डावरचा पंखा काढून खालची वाळलेली पेस्ट खरवडून नवी लावली, बोटभर ट्यूबमधली, टूथपेस्टसारखी दिसणारी, आणि माझ्या मनात लगेच आलंच की ही कुणाच्या तरी ब्रशवर... पण नाही लावली. बघा म्हणजे मी किती गंभीर होतो. फुंक्याने दुसरं, नवं कार्ड आणून बसवून बघितलं, पडदा आरशासारखा स्वच्छ, पण खेळ सुरूच होईना. "जुन्या मशीनला याचा ड्रायव्हर मिळत नाही," फुंक्या म्हणाला. बाबा मागून म्हणाले, "मी आहे ना." फुंक्या हसला, मी हसलो, बाबा हसले नाहीत, त्यांनी नुसती भुवई वर केली आणि त्या घडीला मला पहिल्यांदा वाटलं की माझा हा धंदा कुणाकडून आलाय ते मी उगाच शोधत होतो. नवा कॉम्प्युटर घ्यायचा, तर त्यावर हा जुना खेळ उघडला की काळा पडदा. नवा खेळ आणला, माझ्या घरी बाबांना बसवून दाखवला, काय रस्ते, काय उन्हाची तिरीप, पावसाचे थेंब काचेवर ओघळणारे. बाबांनी एक स्टॉप चालवला आणि हात मांडीवर ठेवले. "चांगलं आहे," ते म्हणाले. "पण मला इथलं काही माहीत नाही. कोण कुठे चढतं, कोण कुठे उतरतं. या वयात बदली नको." भंगारबाजारात अगदी तसलंच जुनं कार्ड सापडलं तेव्हा मी आनंदाने तिथेच नाचलो. आणून बसवलं तर ते आमच्या कार्डाच्याही आधी मेलेलं. म्हाताऱ्याला म्हाताऱ्याचा खांदा दिला, झालं.

खरं सांगायचं तर मला बिघाडाची सवय नाही. म्हणजे, मी बिघाड करतो. आयुष्यभर करत आलो. घंटेच्या बटणाला डिंक लावणं, साखरेच्या डब्यात मीठ. पण माझ्या बिघाडाला एक सोय असते, लोक ओरडले, हसले, की मी तो काढून घेतो. झुरळाला मिशीला धरून उचलतो आणि खिशात टाकतो. इथे पेटी उघडून तासन्‌तास कार्डाच्या त्या हिरव्या पट्टीकडे बघत बसायचो, तिच्यावरचे मुंगीच्या डोक्याएवढे ठिपके, आणि मनात येत राहायचं की याच्या आत कुणीतरी बसलंय आणि माझी गंमत बघतंय. आता म्हणेल, अरे गंमत केली. आता म्हणेल. फुंक्या मला एकदा म्हणाला, "दादा, एक उपाय आहे, पण तो करून झाला की मला सांगू नका. यातले सोल्डरचे टाके आतून तडकतात. तापवले की पुन्हा धरतात. लोक भट्टीत ठेवतात." "कसल्या भट्टीत?" "ओव्हनमध्ये." मी त्याच्याकडे बघत राहिलो, कारण ही थाप मी मारली असती तर अगदी अशाच चेहऱ्याने मारली असती. "पाठीवरच्या कागदाचा बदला घेतोयस का?" "आईची शपथ."

बायको घरी केक करून विकते. तिचा ओव्हन म्हणजे तिचं दुसरं माहेर, मला तिथे हात लावायची मनाई. ती माल पोचवायला गेली आणि मी कार्ड चांदीच्या कागदाच्या चार गोळ्यांवर ठेवून आत सरकवलं. काचेतून बघत होतो. पिवळ्या उजेडात ते पडलं होतं, फुगत नव्हतं, रंग बदलत नव्हतं, नुसतं तापत होतं. वास सुटला, जळक्या रबराचा, आणि त्याच मुहूर्तावर बायको परत आली, कारण मेणबत्त्यांचं पाकीट विसरली होती. "काय भाजतोयस?" "कार्ड." "कसलं कार्ड?" "बाबांचं." ती ओव्हनपाशी आली, वाकून बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता लाटणं. ती म्हणाली, "खरंच भाजतोयस की मी ओरडावं म्हणून ठेवलंयस?" मी म्हणालो, खरंच. आणि मला हसू फुटलं नाही. ते तिच्याही लक्षात आलं असावं. तिने मेणबत्त्या ओट्यावर ठेवल्या, खिडकी उघडली आणि म्हणाली, "आता दार उघडू नकोस एकदम. सावकाश गार होऊ दे. एकदम उघडलं की केक पण बसतो." आम्ही दोघं ओट्याला टेकून, दवाखान्याच्या बाहेर नातेवाईक थांबतात तसे उभे राहिलो.

आणि ते चाललं! च्यायला, चाललं. आईने पेल्यावर दोन टोले दिले आणि बाबा पुलावरून गेले, बाजारातून गेले, फेरी पूर्ण. मी बायकोच्या ओव्हनच्या नावाने आरोळी ठोकली. बाबांनी विचारलं काय केलंस, मी सांगितलं भाजून आणलं, ते म्हणाले, "सरळ सांगता येत नसेल तर नको सांगूस." काही आठवडे मी राजा होतो. मग पुलावर एक ठिपका आला. एकच, जांभळा, पाण्यावर पडलेल्या पानासारखा. दुसऱ्यांदा भाजलं, तेव्हा थोडेच दिवस टिकलं. फुंक्या म्हणाला, तिसऱ्यांदा नका, उरलेलंही जाईल. "आता एकच करा. त्याला काम कमी द्या. म्हाताऱ्या माणसाला देतो तसं." त्याने खेळाच्या आतलं एक पान उघडून दाखवलं. डाव्या बाजूला शहरात जे जे होतं ते सगळं शब्दांत लिहिलेलं, समोर छोट्या खुणा. खूण काढली की वस्तू गेली. कोपऱ्यात कार्डाचं तापमान दिसायचं.

बाबा दुपारी झोपले की मी मागच्या खोलीत जाऊन बसायचो. पहिल्या दिवशी सावल्या काढल्या. आकडा थोडा उतरला, आणि खरं सांगतो, कुणाच्या लक्षातही आलं नाही. सावली नसली तर कोण विचारतं? मग पुलाखालच्या पाण्यात उमटणारं आभाळ काढलं. मग झाडं. मग दूरच्या इमारती, त्यांच्या जागी पांढरट धुकं आलं, शहर कुणीतरी तव्यावरच्या थेंबासारखं कडेकडेने आटवत आणल्यासारखं. दर वेळी आकडा उतरायचा आणि माझ्या हाताला चटक लागली. मला ते जमत होतं! इतके दिवस काहीच जमत नव्हतं. मोटारी काढल्या. सायकली काढल्या. तरी पुलावर आकडा चढायचाच, तेव्हा शेवटची मोठी खूण उरली होती, तिच्यापुढे लिहिलं होतं, पादचारी आणि प्रवासी. बाहेर बाबांच्या घोरण्याचा आवाज. मी खूण काढली. आकडा असा धाडकन खाली आला की मी टेबलावर मूठ आपटली. दुसऱ्या सकाळी फेरी नीट झाली. तिसऱ्या सकाळी झाली. पट्टे नाहीत, ठिपका नाही. कार्ड इतकं गार की त्यावर लोणीही वितळू नये. मी फुंक्याला सांगितलं, जिंकलो. तो म्हणाला, असंच ठेवा, कितीही दिवस चालेल.

लहानपणी कधीतरी शाळेला सुट्टी असली की बाबा मला शेवटच्या फेरीला न्यायचे. शेवटच्या स्टॉपवर सगळे उतरले की डेपोपर्यंतची बस माझ्या एकट्याची. मी या सीटवरून त्या सीटवर उड्या मारायचो, घंटेची दोरी ओढायचो, आणि बाबा काही म्हणायचे नाहीत, पण ते वेगळेच चालवायचे, खांदे वर ओढून. रिकाम्या बसच्या खिडक्या खडखडायच्या, पत्रा न्‌ पत्रा बोलायचा. मी विचारलं, एवढा आवाज का येतो? ते म्हणाले, "भरलेल्या गाडीला माणसं दाबून धरतात. रिकामी गाडी उडते. तिला ब्रेकही नीट लागत नाही, घसरते." मला वाटलं गंमत सांगतायत. मला सगळंच गंमत वाटायचं. आता मागच्या खोलीच्या दारात उभा राहून मी बघायचो. बाबा धुक्यातल्या त्या रस्त्यावरून बस नेत होते, ना झाड, ना सावली, ना समोरून कुणी. स्टॉप आला की थांबायचे. दार उघडायचे. कुणी चढायचं नाही. तेवढाच वेळ थांबायचे जेवढा माणसं चढायला लागतो, मग आरसा बघून, दार लावून निघायचे. आई आधी नेहमीसारखा चमचा वाजवायची, एक टोला थांबायला, दोन निघायला, मग तिने एकदा विचारलं, "आत कुणी आलं का?" बाबा म्हणाले, "नाही." पुढच्या दिवसापासून तिने पेला आतच ठेवला. "शिवणाचं बघायचं आहे," म्हणाली. तिने शिवण सोडून किती काळ लोटला होता. बाबांनी दाढी एक दिवसाआड केली, मग चार दिवसांची वाढली. एका सकाळी मी गेलो तर ते गॅलरीत होते. खालून बस जात होती, आणि ते शिवी देत नव्हते. ते नुसते आतली माणसं बघत होते.

"आज फेरी नाही?" मी म्हणालो. मोठ्याने, आनंदी आवाजात, दुकानातल्या गिऱ्हाइकाशी बोलतो तसा. "आता तर मस्त चालतंय. पट्टे नाहीत, काही नाही." बाबांनी हातातला चहा कठड्यावर ठेवला. "लोक कुठे गेले?" "कुठले लोक?" "गाढवा, बसमधले." माझ्याकडे थापा तयार होत्या. संप आहे, सुट्टी आहे, तुमचं डाव्या हाताचं वळण बघून घाबरले. एकेक जिभेच्या टोकावर येऊन परत जात होती. "मला खेळ आहे हे माहीत आहे," बाबा म्हणाले. "ती माणसं खरी नाहीत, तेही माहीत आहे. माझ्याशी लहान मुलासारखं बोलू नकोस. मी एवढंच विचारतोय, गाडी रिकामी का धावतेय? मी रोज बघतो, स्टॉपवर कुणी नाही. बाजारात कुणी नाही. आधी झाडं गेली, मी काही बोललो नाही. तू काढलीस ना माणसं?" मी हो म्हणालो. गालात काही वळवळलं नाही. मी सगळं सांगितलं, आकडा, टाके, ओव्हन, म्हणालो की माणसं ठेवली तर कार्ड जळेल आणि मग काहीच राहणार नाही, ना बस, ना रस्ता, आणि दुसरं कार्ड मिळत नाही, मी सगळीकडे बघितलं, बाबा, खरंच बघितलं. ते ऐकत होते. मी एवढं सलग खरं बोलल्याचं त्यांना नवलच वाटलं असावं. "आणि माणसांशिवाय?" "माणसांशिवाय कितीही दिवस." "मला कितीही दिवस काय करायचेत?" ते म्हणाले. "ते डेपोच्या खिडकीत दिले होते की मला. भरपूर दिले होते." त्यांनी कठड्यावरचा चहा उचलून एक घोट घेतला. "माणसं ठेवली तर किती चालेल?" "माहीत नाही. एखादी फेरी. अर्धी." "अर्धीत बंद पडली तर पडली. गाड्या बंद पडतात. लोक उतरतात, चार शिव्या घालतात, चालत जातात. त्याचं काही नाही." आत आई होती, तिने ऐकलंच असणार, कारण ती म्हणाली, "आधी दाढी करा. एवढी माणसं येणार आणि तुम्ही हे असे."

बाबा दाढी करत होते तेव्हा मी ते पान उघडलं. एकेक खूण परत लावली. प्रवासी. मोटारी, सायकली. झाडं. मला वाटत होतं सावल्या तरी राहू द्याव्यात, सावल्या कोण बघतंय, बोट तिथे अडलं होतं, आणि मी कधी नव्हे ते कुणाचीही फसवणूक न करायचं ठरवलं आणि सावल्याही लावल्या. पेटीचं झाकण काढलं, घरातला टेबलफॅन आणून उघड्या पेटीवर धरला. आई खुर्ची ओढून बसली. बाबा आले, सीट मागेपुढे केली, आरसे बघितले, खाली उतरून टायर बघून आले. डेपोबाहेर पडताच पहिल्या स्टॉपवर रांग होती, काय सांगू तुम्हाला, लांबच लांब, छत्रीवाला म्हातारा, दोन पोरी, पिशव्या घेतलेल्या बायका, आणि प्रत्येकाच्या पायाशी त्याची त्याची सावली. बाबांनी दार उघडलं. "चला, चला, आत सरका," ते पुटपुटले, "दारात लटकू नका." आई म्हणाली, "त्या पिशवीवालीला जागा द्या कुणीतरी." बस भरली. मी आकड्याकडे बघत होतो. बाजारापर्यंत तो चढतच गेला, पंखा शिट्टी मारायला लागला, मी फॅन आणखी जवळ नेला, मग पुठ्ठ्याने वारा घालायला लागलो, एका हाताने फॅन, एका हाताने पुठ्ठा, शेगडी फुंकणाऱ्या बाईसारखा. "बाबा, जरा थांबायचं का? गार होऊ द्या." "आत एवढी माणसं आहेत," बाबा म्हणाले, "आणि मध्येच काय थांबायचं?" पूल आला. आभाळ पाण्यात उमटलं होतं. पुलाच्या मधोमध पहिला ठिपका आला, मग तीन, मग आरशात दिसणाऱ्या छत्रीवाल्या म्हाताऱ्याच्या टोपीवर. पूल संपला.

पुलापलीकडच्या स्टॉपवर एक बाई उभी होती. तिचं अर्धं अंग होतं, अर्ध्याच्या जागी जांभळे चौकोन, आणि ते चौकोन जागच्या जागी थरथरत होते. बाबांनी तिच्यासमोर गाडी नेमकी लावली, दार बरोबर तिच्या पुढ्यात. दार उघडलं. तिने एक पाय उचलला. मागून मोटारींचे हॉर्न वाजायला लागले, मग ते हॉर्न एकाच सुरात ताणले गेले, लांब, न तुटणारे. आकडा थांबला होता. चढतही नव्हता, उतरतही नव्हता, आणि खेळ अडकलाय की चालू आहे ते मला कळेना. पडद्यावर काहीच हलत नव्हतं. बाबा आरशात बघत होते, पाय ब्रेकवर, आणि त्यांच्या मानेवर दाढीचा साबण राहिला होता. पेटीतून जळका वास यायला लागला. मी पुठ्ठा खाली टाकला आणि बंद करायच्या बटणाकडे हात नेला.

"थांब," बाबा म्हणाले. "चढतेय ती."